दोन व्याही आणि दिल्लीची गाडी

सगळ्यात आधी सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाचा हिरमोड व्हायला नको. मी वेरूळ पाहिलं नाही. खुलताबादेत दिवसभर होते, तिथून घाट उतरला की लेणी आलीच, आणि तरीही पाहिली नाहीत. कोल्हापूरला परतल्यापासून हे ऐकणारा प्रत्येक माणूस माझ्याकडं दयेनं बघतो. माझ्या जावेनं तर सरळ विचारलं, "मग आठवडाभर तिथं केलंस तरी काय?" मी म्हटलं, "मोसंबी कधी तोडायची ते शिकले." ती हसली आणि कुकर लावायला आत गेली.

तिची चूक नाही. माझं काम काय, हे आमच्या सासूबाईंनाही अजून नीट सांगता आलेलं नाही. एका संस्थेनं मार खाऊन जे शिकलं, ते दुसऱ्या संस्थेला मार न खाता कळावं, याची वाट मी आखून देते. कुणी सांगायचं, कुणाला, कधी, आणि ऐकणाऱ्यानं पुढं काय करायचं. कागदावर चौकोन काढायचे, चौकोनांना बाण जोडायचे. सासूबाईंच्या मते हेच काम गल्लीतल्या बायका फुकट करतात.

या खेपेला तीन चौकोन होते. शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या तीन कंपन्या, एक गंगापूरची, एक पाचोडची, एक खुलताबादची. तिघींना मदत करणारी मुंबईची एक संस्था होती. तिला वाटत होतं की या तिघींनी एकमेकींकडून शिकावं, आणि कसं शिकावं हे मी जाऊन बसवून द्यावं. संक्रांत तोंडावर होती. मी स्वेटर, कागदांची भली मोठी गुंडाळी आणि लाल-निळी शाई घेऊन निघाले.

संभाजीनगर

पहाटे गाडीतून उतरले आणि थंडी अंगावर धावूनच आली. आमच्या कोल्हापूरची थंडी जरा लाडात वाढलेली असते, हिला तसले लाड ठाऊक नव्हते.

स्टँडवर न्यायला मुनीरभाई आले होते. खुलताबादच्या कंपनीचे हे अध्यक्ष. त्यांच्या कंपनीचा माल म्हणजे आलं, ज्याला इथं सगळे अद्रकच म्हणतात, आणि तो बाजारात उतरवायला ते शहरात आलेच होते. साठी ओलांडलेली, दाढीला मेंदी, स्वेटरवर जाकीट आणि जाकिटावर मफलर. चेहरा असा, की आत्ताच कुठलातरी विनोद गिळलाय आणि तो अजून घशाखाली उतरायचाय.

दुपारी ते मला नान-खलिया खायला घेऊन गेले. नान हळदीनं पिवळसर झालेला, थाळीएवढा आणि मऊ. खलिया म्हणजे मटणाचा रस्साच, पण आमच्या तांबड्या रश्श्यासारखा तो ताटात येताच आरडाओरडा करत नाही. आधी गोडीगुलाबीनं बोलतो आणि घशाखाली उतरल्यावर मग आपलं म्हणणं मांडतो. मी दुसरा नान घेतला तेव्हा मुनीरभाईंना माझ्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला असावा.

"मॅडम," ते म्हणाले, "तीन कंपन्यांकू जोडना अच्छी बात है. लेकिन पहले गंगापुरमें खाना खाओ, पाचोडमें खाना खाओ. कागज बाद में निकालो."

"एवढा वेळ कुठला, मुनीरभाई?"

"तो फिर कागज फाडनेकू भी टाइम रखना," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

मला वाटलं, नुसती चेष्टा आहे. वास्तविक त्याच वेळी त्यांनी मला एक गोष्ट सांगून टाकली असती, तर पुढची फजिती टळली असती. नंतर मी त्यांना तसं म्हटलंही. तेव्हा त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं. म्हणाले, "वो तो सबकू मालूम है. आपकूच नहीं मालूम था?"

गंगापूर

गंगापूरला जाणारी काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि ती भरली की नाही हे ठरवणारा माणूस फार आशावादी होता. माझ्या मांडीवर कुणाचा तरी तिळाच्या लाडवांचा डबा आला. शेजारच्या धनगर आजोबांच्या घोंगडीतून एका करडानं मान बाहेर काढली. समोरच्या बाईनं विचारपूस चालवली होती. "कोल्हापूर म्हंजी लई लांब की वो. आन् एकल्याच आल्या? मालक कुठंयत?" मी मालकांची ख्यालीखुशाली सांगत असताना त्या करडानं माझ्या कागदाच्या गुंडाळीचा एक कोपरा शांतपणे खाऊन टाकला. आजोबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, गरिबाचं लेकरू हाय." माझ्या कामावरचा तो पहिला अभिप्राय होता.

रस्त्याला दोन्हीकडं ऊस, कापसाची रिकामी होत आलेली झाडं, आणि मधूनच गडद हिरव्या मोसंबीच्या बागा. गंगापूरची कंपनी उसा-कापसातून मोसंबीकडं वळलेल्या लोकांची. अध्यक्ष आप्पा, उंच, पांढऱ्या टोपीतले, एका वाक्यात काम भागत असेल तर दुसरं न बोलणारे. कंपनीचं सगळं काम बघणारी ज्योती ही त्यांची सून. शेतीची पदवी घेतलेली, चटपटीत. खांद्यावरचा पदर सारखा करता करता ती फोनवर गाडीवाल्याला सुनावत होती, आणि मला ती तिथंच आवडली.

त्या गाडीचीच सगळीकडं चर्चा होती. यांची मोसंबी आजवर जवळच्या बाजारात जायची. यंदा पहिल्यांदाच अख्खी गाडी दिल्लीला जायची होती. ही कल्पना ज्योतीची. संचालकांनी नाकं मुरडत होकार दिला होता आणि त्यासोबत एक अट घातली होती. गाडी फसली तर ज्योतीनं कंपनीचं काम सोडून घर बघायचं. एका मिशीवाल्या संचालकानं हे तिच्यादेखतच मला सांगितलं, हसत हसत. ती हसली नाही.

मी कामाला लागले. भिंतीवर कागद चिकटवला (करडानं खाल्लेला कोपरा खाली केला) आणि तीन चौकोन काढले. पाचोडच्या कंपनीनं पारसालच दिल्लीला गाडी पाठवली होती, म्हणजे अनुभव त्यांच्याकडं. म्हणून पाचोड वर, गंगापूर खाली, आणि वरून खाली एक जाडजूड लाल बाण. बाणावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मार्गदर्शन'.

मिशीवाले खिडकीबाहेर बघू लागले. आप्पांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "जेवून घ्या तुमी आधी."

ज्योतीनं मला घरी नेलं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. दोन घास पोटात गेल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला कुणी सांगितलं नाय का?"

"काय?"

"पाचोडच्या कंपनीचे अध्यक्ष, नाना, ते माझे वडील. आप्पा आन् ते इवाई लागतेत एकमेकाचे. लेकीच्या बापानं जावयाच्या बापाला मार्गदर्शन करायचं, असं तुम्ही भिंतीवर लाल शाईनं लिहिलंय."

आमच्याकडं व्याही एकत्र आले की पहिल्या चहालाच एकमेकांची अक्कल काढतात. माझ्या वडिलांनी तर माझ्या सासऱ्यांना ऊस कसा लावावा ते भर मांडवात ऐकवलं होतं, आणि सासऱ्यांनीही तिथल्या तिथं परतफेड केली होती. इथली रीत निराळी. लेकीच्या बापानं द्यायचं, विचारपूस करायची, मान द्यायचा. शिकवायचं मात्र नाही.

"मग तू सांग की," मी म्हटलं. "तू तर दोन्हीकडची."

"सांगितलं ना. तोडणी पहाटे नका करू, ऊन चढल्यावर करा म्हणलं. सगळे म्हणतेत, कशावरून? आपण तर जल्मभर पहाटेच तोडायलोय." तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली. "मला ते 'कशावरून' सांगता येत नाय."

"माहीत नाही?"

"म्हाईत हाय," ती म्हणाली, आणि भरीत वाढायला वळली.

पाचोड

पाचोडला पोचले तो नेमका बाजाराचा दिवस. मेथीच्या जुड्या, गुळाच्या ढेपा, बांगड्यांच्या गाड्या, आणि एका अंगाला मोसंबीचे ढीगच ढीग. व्यापारी ढिगाभोवती फिरतात, एखादं फळ उचलून नखानं साल खरवडतात, आणि बोली सुरू होते. पहाटे झाडावर असलेलं फळ दुपारच्या आत विकलेलं असतं. मी एका मावशींकडून वांगी घ्यायला गेले आणि भाव विचारताना 'किती ग' म्हटलं. आमच्याकडं हे मायेचं असतं. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि वांगी परत टोपलीत ठेवली.

नाना म्हणजे आप्पांच्या अगदी उलट. बुटके, गोलमटोल, बोलायला लागले की मधे श्वास घ्यायचंही विसरणारे. थेट शेतात नेऊन त्यांनी मला हुरडा खायला घातला. गोवऱ्यांच्या आरावर ज्वारीची कणसं भाजायची, तळहातावर चोळायची आणि गरमगरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. आमच्या पट्ट्यात हे सुख नाही, आणि त्याबद्दल मी आमच्या पट्ट्यावर आता कायमची नाराज आहे.

पोट भरल्यावर मी माझा नेहमीचा प्रश्न काढला. "नाना, पारसाल तुमचं काही चुकलं असेल, तर ते इतरांच्या उपयोगी पडेल."

"आमचं? काय नाय बगा. देवाच्या दयेनं सगळं झ्याक."

त्यांच्या बायको, काकू, आर सारखा करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आन् दिल्लीची गाडी?"

नानांनी त्यांच्याकडं डोळे वटारून पाहिलं.

"माझ्याकडं काय बघायलात? तुमी सांगता का मी सांगू?"

मग नानांनी सांगितलं, आणि पहिल्यांदाच ते थांबत थांबत बोलले. मोसंबीच्या सालीत तेल असतं. पहाटे दवात साल पाण्यानं टच्च भरलेली असते, तेव्हा फळ नुसतं दाबलं गेलं तरी तेलाचे बारीक फोड फुटतात. लगेच काहीच दिसत नाही. फळ दुपारी विकायचं असेल तर पुढंही कुणाला कधी कळत नाही. पण दिल्लीच्या वाटेवर दोन-तीन दिवसांत तीच साल डागाळते. पारसाल नानांची गाडी दिल्लीत उघडली तेव्हा वरपासून खालपर्यंत काळपट डाग. माल कुणी घेईना. नंतर कृषी विद्यापीठातल्या एका साहेबांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. दव वाळल्यावर तोडा, सावलीत पसरून ठेवा, दुसऱ्या दिवशी भरा.

"आणि गंगापूरला?"

"पोरीचं लगीन नवंनवं होतं," नाना म्हणाले. "आप्पांनी इचारलं, कशी गेली गाडी? म्हणलं, लई छान गेली."

ज्योतीला हे सगळं आईनं फोनवर सांगितलं होतं. खरं सांगायचं तर माझ्या त्या लाल बाणाचं काम काकू वर्षभर करत होत्या. पण ज्योतीनं सासरी 'कशावरून' सांगायचं म्हणजे बापाचं नुकसान आणि वर बापाचं खोटं, दोन्ही चव्हाट्यावर आणायचं. न सांगावं तर तिची स्वतःची गाडी बुडणार. मला त्या मुलीचं फार वाईट वाटलं.

"आता तिची गाडी निघायलीय," नाना म्हणाले. "तेबी पहाटंच तोडणार. मला घास गोड लागंना, मॅडम."

"मग आप्पांना एक फोन करा."

"आन् काय म्हणू? तुमाला तोडणी कळत नाय म्हणू?"

या दोन व्याह्यांमध्ये काही बोलायचं झालं की ते मुनीरभाईंमार्फत जातं, हे मला तिथं कळलं. दोन्ही घरांचा माल मुनीरभाईंच्या वडिलांपासून त्यांच्याच ओळखीतून विकला जायचा. सोयरीक त्यांनीच जुळवली, आणि लग्नात पंगतीवरून वाजलं तेव्हाही मधे तेच उभे राहिले. थोडक्यात, मध्यस्थ. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खुलताबादला तिन्ही कंपन्यांची बैठक होतीच. तिथं मुनीरभाई नाव न घेता नुसता अनुभव वाचून दाखवतील, 'एका कंपनीनं पारसाल असं केलं, त्याचं असं झालं.' कारण पोचेल आणि कुणाची अब्रूही जाणार नाही.

नानांनी मला दोनदा बजावलं, नाव यायला नको. मी शब्द दिला. परतीच्या एसटीत मी स्वतःवर इतकी खूश होते की माझा थांबा चुकला आणि मैलभर मागं चालत यावं लागलं.

खुलताबाद

खुलताबादला शहरापेक्षा वारा जास्त आणि आवाज कमी. जुन्या वेशीतून आत गेलं की अरुंद रस्ते, दर्ग्यांच्या पांढऱ्या भिंती, चादरी आणि रेवड्यांची दुकानं, आणि पलीकडं डोंगराच्या उतारावर शेतं. बैठक मुनीरभाईंच्या गोदामात होती. सगळीकडं अद्रकाची पोती, आणि अद्रकाची बारीक धूळ नाकात जाऊन प्रत्येकजण आळीपाळीनं शिंकत होता. चहातही अद्रक घालताना हात आखडता घेतला नव्हता. पहिल्या घोटाला माझे कानच उघडले.

एका बाजूला आप्पा, मिशीवाले आणि ज्योती. दुसऱ्या बाजूला नाना आणि त्यांचे दोघे सोबती. दुसऱ्या दिवशी गंगापूरला तोडणी होती, मुकादमाला पहाटेचा सांगावा गेलेला होता. मुनीरभाईंनी चष्मा लावला, माझा कागद हातात घेतला, एकदा माझ्याकडं पाहिलं (त्या नजरेचा अर्थ मला फार उशिरा लागला) आणि वाचायला सुरुवात केली. दव, साल, तेल, डाग, सगळं नीट. नाव कुठंच नाही.

वाचून झाल्यावर आप्पांनी हात वर केला.

"मुनीरभाई, तुमची अद्रक. आमची गाडी आजून जायचीय. कंपन्या तीन. मंग ही 'एक कंपनी' कोणची?"

तीन चौकोन मी माझ्या हातानं काढले होते, रोज बघत होते, आणि एवढा साधा हिशेब मला सुचला नव्हता! नानांचा चेहरा पांढराफटक. ज्योती खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती.

मुनीरभाईंनी चष्मा काढला. "हमारी थी," ते म्हणाले.

"तुमची मोसंबी कवापासून?"

"घर के पिछू दो झाडां हैं ना."

"दोन झाडांची गाडी भरली? दिल्लीला?"

मिशीवाले फसकन हसले, आणि मग सगळेच. हसू ओसरायच्या आत नाना उठले. बुटका माणूस, पण त्या क्षणी मला तो फार उंच वाटला.

"बसा मुनीरभाई. किती दिवस माझ्यासाठी बोलताल? गाडी माझी होती, आप्पा. सगळा माल गेला. तुमाला खोटं बोललो."

कुणी शिंकलंसुद्धा नाही. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "ते मला पारसालच म्हाईत झालं, नाना. डायवर आमच्या शेजारच्या गावचा होता."

"आँ? मंग इचारलं कामून नाय?"

"कसं इचारू? तुमची लेक माझ्या घरात नांदायली. तुमचा माल सडला का म्हणून इचारलं असतं, तर उणं काढल्यावानी झालं असतं. तुमी छान म्हणलात, मी छान म्हणलो."

गाडी बुडाल्याची बातमी वर्षापूर्वीच जिथं पोचायची तिथं पोचली होती. ती का बुडाली, तेवढंच वाटेत अडकलं होतं, कारण सांगणाऱ्याला शिकवायचं नव्हतं आणि विचारणाऱ्याला दुखवायचं नव्हतं. इतक्या सभ्य माणसांसाठी कामाची वाट आखायची माझी ही पहिलीच वेळ.

आप्पा सुनेकडं वळले. "तुला म्हाईत होतं?"

"व्हय."

"म्हणून उशिरा तोडा म्हणायलीस?"

"व्हय, आप्पा."

"मला तरी सांगायचं."

"माहेरचं उणं सासरी कसं सांगू?" ती म्हणाली. तिचा आवाज फुटला आणि तिनं रडू आवरायचा प्रयत्नही केला नाही. मुनीरभाई पोत्यांकडं तोंड करून मफलर ठीकठाक करायला लागले.

आप्पांनी नानांना खूण करून शेजारी बोलावलं, सतरंजीवर जागा करून दिली. "हं. बसा. दव वाळलं, हे वळखायचं कसं, ते सांगा आधी."

नाना बसले आणि बोलू लागले, आणि त्यांना आवरायला शेवटी जेवणाची थाळीच मधे आणावी लागली.

पुन्हा गंगापूर

मला दुसऱ्या दिवशी वेरूळला न्यायचं मुनीरभाईंनी ठरवलं होतं. मी म्हटलं, लेणी कुठं पळून जात नाहीत, मला तोडणी बघायचीय.

मुनीरभाईंबरोबर बागेत पोचले तेव्हा तोडणीची टोळी शेकोटीभोवती बसून होती आणि मुकादमाचं डोकं फिरलं होतं. "पहाटंपासून बशिवलंय. झाडं काय लाजायलीत का?" पानापानावर दव होतं, माझ्या चपला आणि साडीचा काठ पार भिजला होता. नाना आणि आप्पा बांधावर शेजारी शेजारी बसले होते. नाना अर्थातच बोलत होते. ज्योती मात्र झाडाझाडांतून फिरत होती. फळाला हाताची मागची बाजू लावायची आणि पुढं सरकायची.

"झालं का गं?" मिशीवाल्यांनी विचारलं.

"नाय."

थोड्या वेळानं पुन्हा. "आता?"

"आजून नाय."

ऊन बांधावरून बागेत उतरलं, माझा स्वेटर काढून कमरेला बांधून झाला, शेंगदाणे संपले, मुकादमानं दुसऱ्यांदा निघून जायची धमकी दिली. त्याला काय द्यायचं नि काय बोलायचं ते सारं ज्योतीनंच निभावलं, दोन्ही म्हातारे मधे पडले नाहीत. मग एका झाडापाशी ती थांबली, गालाला फळ लावून पाहिलं, आणि हाक मारली, "चला, लावा हात. हळू. आपटू नका."

दुपारभर कडुलिंबाच्या सावलीत पोत्यांवर मोसंबी पसरत गेली. मीही दोन क्रेट उचलले आणि पाठ धरून बसले. गाडी भरली जाईपर्यंत थांबता येणार नव्हतं, मला परतायला हवं होतं. निघताना ज्योतीनं तिळगूळ दिला. तिच्या तोंडावर हसू होतं, पण हात थंडगार होता. साधीच गोष्ट होती, आता माल नीट पोचतो की नाही यावर सगळं होतं. तोच विचार घेऊन मी गाडीत बसले.

कोल्हापूरला आल्यावर मी संस्थेसाठी अहवाल लिहिला. त्यात बाण कमी आणि माणसं जास्त आहेत. बैठक ज्याच्या घरी, त्यानं सगळ्यात आधी स्वतःचं बुडालेलं काम स्वतःच्या तोंडानं सांगायचं आणि 'का' बुडालं तेही सांगायचं. मधे बसायला मुनीरभाईंसारखा दोन्हीकडचा माणूस हवा. मुंबईहून उत्तर आलं, की हे जरा घरगुती वाटतं. मी कळवलं की आहेच ते घरगुती.

मग एका दुपारी ज्योतीचा फोन आला. मी भाजी चिरत होते, सुरी खाली ठेवली.

"मॅडम, गाडी उघडली दिल्लीत. एक डाग नाय! व्यापारी म्हणतो दुसरी लावा. आप्पांनी मिशीवाल्या काकांना सांगून टाकलं, दुसरीबी ज्योतीच लावंल."

डोळे भरून आले होते, आणि समोर कांदा नव्हता, वांगी होती. शेवटी विचारलं, "नानांना कळवलंस का? ते वाट बघत असतील."

"कवाचं लावायलेय. त्यांचा फोन लागंनाच. मग आईला केला." ती हसायला लागली. "आई म्हणती, तुझ्या सासऱ्यांशी बोलायलेत. जेवण झाल्यापासनं बोलायलेत दोघं. म्हणून तवर तुम्हाला लावला."